रॉन कोविक यांचे ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ : आघात, कबुली आणि लढा यांचा क्रम

गोषवारा

व्हिएतनाम युद्धात कायमचे अपंगत्व आलेले अमेरिकी माजी सैनिक रॉन कोविक यांचे ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ हे आत्मकथन १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. सेवा, आघात, उपचार आणि लढा अशा चार पायऱ्या चढत गेलेल्या माणसाची कथा म्हणून हे पुस्तक सर्वसाधारणपणे वाचले जाते. प्रस्तुत लेखात या वाचनाची चिकित्सा केली आहे. पुस्तकाची कालरचना आणि त्यातील सर्वनामांची योजना पाहता हा सरळ क्रम लेखकालाच मान्य नसल्याचे दिसते. कोविक आधी बरे होऊन नंतर बोलू लागत नाहीत. बोलणे आणि ऐकले जाणे हीच त्यांच्या बरे होण्याची अट ठरते. त्यातही सर्वांत अवघड बोलणे सर्वांत शेवटी येते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : युद्धवाङ्मय, आत्मकथन, आघात, नैतिक इजा, माजी सैनिक, अपंगत्व.

प्रस्तावना

युद्धविषयक वाङ्मयाच्या दोन परंपरा सर्वत्र आढळतात. एक वीरगाथेची आणि दुसरी शोकाची. पहिलीत सैनिक हा नायक असतो, तर दुसरीत तो बहुधा मृत असतो. विसाव्या शतकात या दोहोंत न बसणारा एक तिसरा आवाज पुढे आला. रणांगणावरून जिवंत परतलेला सैनिक स्वतःच साक्षीदार, फिर्यादी आणि काही वेळा आरोपी होऊन बोलू लागला.

या आवाजाला समाजाने दिलेला प्रतिसाद लक्षणीय आहे. पहिल्या महायुद्धात शौर्यपदक मिळवलेले इंग्रज कवी सीगफ्रिड ससून यांनी १९१७ मध्ये युद्ध हेतुपुरस्सर लांबवले जात असल्याचा जाहीर निषेध केला. तेव्हा त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला नाही. मनोविकाराचे रुग्ण म्हणून त्यांना एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात पाठवण्यात आले. निषेध हे आजाराचे लक्षण आणि मौन हे आरोग्याचे लक्षण, असा अर्थ या निर्णयामागे गृहीत होता. हा अर्थ उलटवून टाकणाऱ्या पुस्तकांमध्ये कोविक यांच्या आत्मकथनाला महत्त्वाचे स्थान आहे. येथे मौन हा आजार आहे आणि निषेध हा उपचाराचा भाग आहे. मात्र हे उपचारसुद्धा अपुरे कसे पडतात, याचीही जाणीव पुस्तक देते. म्हणूनच त्याचे वाचन केवळ प्रेरणादायी चरित्र म्हणून करणे अपुरे ठरते.

लेखक आणि ग्रंथ

रॉन कोविक यांचा जन्म ४ जुलै १९४६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी झाला. पुस्तकाचे शीर्षक या योगायोगावरून आले आहे. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या मॅसापिक्वा या गावात, एका कॅथलिक कुटुंबात त्यांचे बालपण गेले. बेसबॉल, कुस्ती, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुका आणि जॉन वेन व ऑडी मर्फी यांचे युद्धपट यांनी ते भारलेले होते. १९६१ मध्ये अध्यक्ष जॉन केनेडी यांनी केलेल्या देशसेवेच्या आवाहनाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. १९६४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी ते मरीन कोअरमध्ये स्वेच्छेने दाखल झाले. व्हिएतनाममधील पहिली नेमणूक पूर्ण करून परतल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा जाण्याची मागणीही स्वतःहून केली. सक्तीच्या भरतीमुळे युद्धात ओढला गेलेला तरुण अशी त्यांची कथा नाही. ज्या श्रद्धेने ते गेले तिचाच भंग हा या पुस्तकाचा विषय असल्याने ही बाब महत्त्वाची आहे.

२० जानेवारी १९६८ रोजी शत्रूच्या गोळीबारात प्रथम त्यांच्या पायाला आणि नंतर खांद्याला गोळी लागली. दुसऱ्या गोळीने फुप्फुस आणि मज्जारज्जू यांना इजा झाली आणि छातीपासून खालचे शरीर कायमचे लुळे पडले. त्यांना वाचवण्यासाठी धावलेला पहिला सैनिक मारला गेला. दुसऱ्याने त्यांना उचलून सुरक्षित जागी नेले. शौर्याबद्दल त्यांना ब्राँझ स्टार आणि जखमी सैनिकांना दिले जाणारे पर्पल हार्ट ही पदके मिळाली. त्या वेळी त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा ते तीस वर्षांचे होते.

हे वय येथे मुद्दाम नोंदवण्याचे कारण आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात, निवृत्तीच्या शांत क्षणी मागे वळून पाहणे ही आत्मचरित्राची प्रकृती मानली जाते. त्याहून वेगळ्या, आयुष्याच्या ऐन मध्यावर, वेदना ताजी असताना आणि एका समूहाच्या वतीने लिहिल्या गेलेल्या लेखनासाठी मराठी समीक्षेने दलित स्वकथनांच्या चर्चेत ‘आत्मकथन’ ही संज्ञा रूढ केली. कोविक यांचे पुस्तक या अर्थाने आत्मकथन आहे. त्यातला ‘मी’ एकटा नसून अपंग होऊन परतलेल्या सैनिकांच्या पिढीचा तो प्रतिनिधी आहे. त्याचे म्हणणे कृतार्थतेचे नाही. ते फिर्यादीचे आहे.

कालक्रमाची मोडतोड

पुस्तकाची सुरुवात जन्मापासून होत नाही, शाळेपासूनही होत नाही. ती जखमेपासून होते. पहिल्याच पानांवर वाचक रणभूमीवर रक्तबंबाळ पडलेल्या सैनिकाजवळ येतो. तेथून लष्करी रुग्णालये, अमेरिकेत परतणे आणि न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथील माजी सैनिकांचे सरकारी रुग्णालय असा प्रवास होतो. त्यानंतर कथन मागे जाऊन बालपण सांगू लागते. पुढे जखमी अवस्थेतील घरवापसी, एकाकीपणा, मद्यपान, मेक्सिकोतील मुक्काम आणि युद्धविरोधी आंदोलन हे भाग येतात. व्हिएतनाममधील दुसऱ्या नेमणुकीतले सर्वांत काळे प्रसंग मात्र पुस्तकाच्या शेवटच्या भागासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यांच्या पाठोपाठ कथन पुन्हा जखमेच्या त्याच दिवसाकडे येते. म्हणजे ज्या क्षणापासून आरंभ झाला तेथेच वाचक परततो. परंतु या वेळी त्याला पहिल्या वाचनात माहीत नसलेल्या गोष्टी माहीत असतात.

ही रचना कथनातील कुतूहल टिकवण्याची क्लृप्ती नव्हे. आघाताच्या अभ्यासकांनी पुढे जे सिद्धान्तरूपाने मांडले ते या रचनेत आधीच आढळते. कॅथी कॅरुथ यांनी १९९६ मधील आपल्या ग्रंथात आघाताचे स्वरूप स्पष्ट करताना असे प्रतिपादन केले की, आघात घडतो त्या क्षणी तो पूर्णपणे अनुभवला जात नाही. तो उशिरा, पुनःपुन्हा आणि अनाहूतपणे परततो. कोविक यांच्या पुस्तकाने हा परतीचा क्रमच आपला कथनक्रम केला आहे. ‘आघातोत्तर तणाव विकार’ या निदानाला अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेच्या निदानसूचीत अधिकृत स्थान मिळाले ते १९८० मध्ये, म्हणजे पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर चार वर्षांनी. विकाराला वैद्यकीय नाव मिळण्यापूर्वी त्याला वाङ्मयीन रूप मिळाले होते, असे म्हणता येते.

‘मी’ आणि ‘तो’

या आत्मकथनाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील सर्वनामांची अस्थिरता. काही भागांत निवेदक स्वतःला ‘मी’ म्हणतो, तर काही भागांत ‘तो’. जखमेचा आरंभीचा प्रसंग प्रथमपुरुषी आहे. गावातील स्मृतिदिनाच्या मिरवणुकीत जखमी सैनिक म्हणून मिरवले जाण्याचा प्रसंग तृतीयपुरुषी आहे. स्वतःच्या हातून सहकाऱ्याचा मृत्यू झाल्याचा प्रसंगही तृतीयपुरुषी आहे.

या योजनेचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. मिरवणुकीच्या प्रसंगात ‘तो’ हा इतरांच्या नजरेतला माणूस आहे. उघड्या मोटारीत बसवलेला, लोक ज्याच्याकडे दयेने आणि संकोचाने पाहतात असा तो एक देखावा आहे. व्यासपीठावर भाषणे होतात, त्याग आणि राष्ट्र यांविषयी बरेच बोलले जाते. ज्यांनी तो त्याग केला त्यांना मात्र बोलण्यास सांगितले जात नाही. ज्याचा आवाज काढून घेतला आहे त्याचे ‘मी’पणही गेले आहे, असे सर्वनाम येथे सुचवते. याउलट सहकाऱ्याच्या मृत्यूच्या प्रसंगात ‘तो’ ही ढाल आहे. ‘मी मारले’ असे लिहिता येत नाही, म्हणून ‘त्याने मारले’ असे लिहिले जाते. पहिल्या ठिकाणी समाज लेखकाला स्वतःपासून तोडतो आणि दुसऱ्या ठिकाणी लेखक स्वतःला स्वतःपासून तोडतो.

मराठी वाचकाला येथे दया पवार यांच्या ‘बलुतं’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात सुशिक्षित, शहरी दया पवार आणि गावकुसाबाहेरचा दगडू मारुती पवार अशी एकाच व्यक्तीची दोन रूपे समोरासमोर येतात आणि दगडू आपली कथा सांगतो. या दोन पुस्तकांत कोणताही प्रभावसंबंध नाही, आणि जातीने लादलेले दुःख व युद्धाने लादलेले दुःख यांची बरोबरी करण्याचेही कारण नाही. तथापि, असह्य अनुभव सांगताना ‘मी’ दुभंगतो आणि त्या दुभंगातूनच सांगणे शक्य होते, हे वाङ्मयीन सत्य दोहोंत सारखेच प्रत्ययाला येते.

रुग्णालय : दुसरी जखम

ब्राँक्स येथील रुग्णालयाचे वर्णन हा पुस्तकातील सर्वांत परिणामकारक भागांपैकी एक आहे. उंदरांचा वावर, अपुरे कर्मचारी, आपल्याच मलमूत्रात तासन् तास पडून राहिलेले लुळे तरुण आणि हाकेला ओ न देणाऱ्या मार्गिका यांचे चित्रण लेखक कोणताही अलंकार न वापरता करतो. मांडीचे हाड मोडल्यावर पुन्हा भरती व्हावे लागते तेव्हा उपचारासाठी लागणारे यंत्र बंद पडते आणि पाय कापावा लागण्याची वेळ जवळ येते. या वर्णनात अतिशयोक्ती नसल्याचा पुरावा पुस्तकाबाहेरही उपलब्ध आहे. ‘लाइफ’ या साप्ताहिकाने मे १९७० मध्ये याच रुग्णालयाच्या दुरवस्थेवर सचित्र लेख प्रसिद्ध केला होता आणि त्याने अमेरिकेत मोठी खळबळ उडाली होती.

येथे ‘नैतिक इजा’ ही संकल्पना उपयोगी पडते. मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करताना ही संकल्पना मांडली. १९९४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या सैनिकांचे अनुभव होमरच्या ‘इलियड’मधील अकिलीसच्या क्रोधाशी ताडून पाहिले. जेथे प्राण पणाला लागलेले असतात अशा प्रसंगी अधिकारपदावरील व्यक्तीने न्याय्यतेचा केलेला भंग सैनिकाच्या मनाला शत्रूच्या गोळीपेक्षाही खोल दुखावतो, असे शे यांचे म्हणणे आहे. कोविक यांच्या बाबतीत हा भंग रणभूमीपुरता मर्यादित राहिला नाही. ज्या राष्ट्रासाठी शरीर दिले त्याच राष्ट्राच्या रुग्णालयात ते शरीर अडगळीसारखे पडून राहिले. गोळी शत्रूची होती; ही दुसरी जखम मात्र स्वकीयांची होती. युद्धाविषयीच्या श्रद्धेला पहिला मोठा तडा रणांगणात गेला असेल. तो रुंदावला रुग्णालयाच्या खाटेवर.

लढा : उपचारापूर्वीचा की उपचारातला ?

४ मे १९७० रोजी ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनाच्या वेळी नॅशनल गार्डच्या जवानांनी गोळीबार केला आणि चार विद्यार्थी ठार झाले. या घटनेने कोविक यांना आंदोलनाकडे वळवले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हिएतनाम व्हेटरन्स अगेन्स्ट द वॉर’ या संघटनेत ते सामील झाले. शाळांमधून भाषणे, निदर्शने, अटक, चाकाच्या खुर्चीतून पोलिसांकडून खाली फेकले जाणे या सर्वांतून ते गेले. २३ ऑगस्ट १९७२ रोजी मायामी येथील रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्ष रिचर्ड निक्सन उमेदवारी स्वीकारण्याचे भाषण करीत असताना, चाकाच्या खुर्चीतील अन्य दोन माजी सैनिकांसह त्यांनी सभागृहातून घोषणा देऊन त्या भाषणात व्यत्यय आणला.

प्रचलित वाचनानुसार येथपर्यंत लेखकाचे मन सावरलेले असले पाहिजे. प्रत्यक्षात पुस्तकात तसे काहीही दिसत नाही. आंदोलनाच्या काळातही निद्रानाश, संताप, शरीराविषयीची लाज आणि लैंगिक क्षमता गमावल्याचे दुःख पूर्वीइतकेच तीव्र आहे. बदलली आहे ती फक्त एक गोष्ट. आता त्याचे बोलणे ऐकणारे कोणीतरी आहे. शाळेतील श्रोते, सोबतचे सैनिक, क्षणभर दूरचित्रवाणीचा कॅमेरा, इतकेच काय विरोधात ओरडणारा जमावसुद्धा त्याच्या अस्तित्वाची दखल घेतो.

याच काळात अमेरिकेत माजी सैनिकांचे परस्परसंवादाचे गट सुरू झाले होते, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या अशा गटांत रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ सहभागी झाले. लिफ्टन यांचा १९७३ चा ग्रंथ याच अनुभवावर उभा आहे. या गटांमध्ये सैनिक रुग्ण म्हणून येत नसत आणि तज्ज्ञही केवळ डॉक्टर म्हणून बसत नसत. युद्धाविषयीचे राजकीय मत आणि मनाची जखम यांची फारकत तेथे केली जात नसे. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे सुरक्षितता, स्मरण व शोक आणि समाजाशी पुनर्संबंध असे तीन टप्पे सांगितले. अन्यायाविरुद्धचे सार्वजनिक कार्य त्यांनी तिसऱ्या टप्प्यात ठेवले. मात्र हे टप्पे काटेकोर क्रमाने येत नाहीत, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. कोविक यांच्या पुस्तकात तिसरा टप्पा दुसऱ्याच्या आधी येतो. आधी समाजाशी नाते जुळते, मग स्मरणाचे धैर्य येते.

कबुली : शेवटी आलेला आरंभ

पुस्तकाच्या अखेरच्या भागात दोन प्रसंग आहेत. पहिल्यात, गोंधळाच्या एका चकमकीत आपल्याच तुकडीतील जॉर्जिया राज्याचा एक कॉर्पोरल निवेदकाच्या गोळीने मारला जातो. निदान निवेदकाची तशी खात्री आहे. तो वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाऊन हे सांगण्याचा प्रयत्न करतो. परंतु अधिकाऱ्याला ते ऐकून घ्यायचे नसते. दुसऱ्या प्रसंगात, शत्रू समजून एका झोपडीवर केलेल्या गोळीबारात लहान मुले आणि वृद्ध माणूस बळी पडतात. जखमी मुलांना मलमपट्टी करण्याचा हुकूम होतो तेव्हा काही सैनिक रडत तेथेच खिळून राहतात.

अधिकाऱ्याने नाकारलेली ही कबुली संपूर्ण पुस्तकाचे मर्म आहे. ज्या व्यवस्थेने शौर्याची नोंद तत्परतेने घेऊन पदक दिले, तिने अपराधाची नोंद घेण्यास नकार दिला. सैनिकाला दोन्ही गोष्टी सांगायच्या होत्या. व्यवस्थेला एकच हवी होती. शे यांनी वर्णिलेली नैतिक इजा वरिष्ठांच्या विश्वासघाताची होती. २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संकल्पनेची व्याप्ती वाढवून, स्वतःच्या हातून घडलेल्या कृत्यांमुळे होणारी इजाही तीत अंतर्भूत केली. कोविक यांच्या पुस्तकात या दोन्ही इजा एकाच प्रसंगात एकवटल्या आहेत. कृत्य स्वतःचे आहे. ते दडपणे वरिष्ठांचे आहे.

या पार्श्वभूमीवर पुस्तक जखमेच्या दिवसाकडे परतते तेव्हा तीच घटना वेगळी दिसू लागते. आरंभी ती शत्रूने केलेला घात वाटते. शेवटी तीत प्रायश्चित्ताची छटा मिसळते. कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या निवेदकासाठी कबुली हा केवळ मानसिक नव्हे तर धार्मिक विधीही आहे. अधिकाऱ्याने जे ऐकले नाही ते लेखक अखेर वाचकाला सांगतो. वाचक हा येथे कबुली ऐकणारा ठरतो आणि कबुलीचे ओझे त्याच्याही वाट्याला येते. ब्राँक्सच्या रुग्णालयाची चीड वाचकाला सहज येऊ शकते. त्या मुलांचे काय, हा प्रश्न मात्र त्याला स्वतःकडे वळवावा लागतो, कारण सैनिकाला तेथे पाठवणाऱ्या समाजाचा तो घटक असतो.

चित्रपट रूपांतर

ऑलिव्हर स्टोन यांनी १९८९ मध्ये या पुस्तकावर चित्रपट केला. स्टोन स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले होते आणि पटकथा त्यांनी कोविक यांच्यासह लिहिली. टॉम क्रूझ यांनी कोविक यांची भूमिका केली. स्टोन यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुस्तकाला जगभर पोहोचवण्याचे श्रेय या चित्रपटाला निःसंशय आहे. तथापि, त्याने केलेले दोन बदल प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला बदल कालक्रमाचा आहे. चित्रपट बालपणापासून सुरू होऊन सरळ पुढे जातो आणि १९७६ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात व्यासपीठाकडे निघालेल्या नायकापाशी थांबतो. दुसरा बदल कबुलीचा आहे. चित्रपटातील नायक मृत कॉर्पोरलच्या घरी जाऊन त्याच्या कुटुंबीयांना सत्य सांगतो. पुस्तकात अशी भेट नाही. या दोन बदलांमुळे कथा पूर्णत्वास जाते. अपराधाला श्रोता मिळतो, नायकाला व्यासपीठ मिळते आणि प्रेक्षक मोकळ्या मनाने घरी जातो. पुस्तकाचा वाचक मात्र असा मोकळा होत नाही. ज्यांच्यापाशी कबुली द्यायची ते त्यात कधीच भेटत नाहीत. सेवा, आघात, उपचार, लढा हा सोपा क्रम पुस्तकाने नाकारला होता. चित्रपटाने तो पुन्हा प्रस्थापित केला, असे म्हणावे लागते.

मर्यादा

पुस्तकाच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. त्यातील व्हिएतनामी माणसे निनावी आहेत. ती बळी म्हणून दिसतात. व्यक्ती म्हणून बोलत नाहीत. अमेरिकी सैनिकाचे दुःख इतके केंद्रस्थानी आहे की, ज्यांच्या भूमीवर युद्ध झाले त्यांचे दुःख पार्श्वभूमीला जाते. ही उणीव ध्यानात येण्यासाठी व्हिएतनामी लेखक बाओ निन्ह यांची ‘द सॉरो ऑफ वॉर’ या नावाने इंग्रजीत आलेली कादंबरी शेजारी ठेवावी. उत्तर व्हिएतनामच्या सैन्यात लढलेल्या या लेखकानेही कालक्रम मोडूनच युद्ध सांगितले आहे. त्यांचा नायक विजयी पक्षाचा सैनिक असूनही मृतांच्या आठवणींतून सुटत नाही. आघाताला जय-पराजयाची सीमा नसते हे या तुलनेतून स्पष्ट होते.

दुसरी मर्यादा पुरुषत्वाच्या कल्पनेशी निगडित आहे. सुझन जेफर्ड्स यांनी १९८९ मधील आपल्या अभ्यासात व्हिएतनामविषयक अमेरिकी कथनांतून दुखावलेल्या पुरुषत्वाची पुनर्स्थापना कशी होते हे दाखवून दिले आहे. कोविक यांच्या पुस्तकातही गमावलेल्या शरीराचा शोक बऱ्याच अंशी गमावलेल्या पुरुषत्वाचा शोक आहे. त्यातील स्त्रिया प्रामुख्याने आई, परिचारिका किंवा शरीरसुखाचे साधन या रूपांत येतात. मात्र जॉन वेनच्या चित्रपटांनी शिकवलेले पुरुषत्वच आपल्याला युद्धापर्यंत घेऊन गेले, हे लेखक स्वतः दाखवतो. त्यामुळे पुस्तक या कल्पनेच्या आहारी जाते तसेच तिची झाडाझडतीही घेते.

पुस्तकानंतर

कोविक यांचे कार्य पुस्तकाने संपले नाही आणि त्यापासून सुरूही झाले नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली अपंग माजी सैनिकांनी सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या लॉस एंजलिस येथील कार्यालयात सतरा दिवस उपोषण केले. रुग्णालयांची चौकशी आणि सुधारणा ही त्यांची मागणी होती. माजी सैनिक प्रशासनाचे प्रमुख डोनाल्ड जॉन्सन यांना वॉशिंग्टनहून येऊन त्यांची भेट घ्यावी लागली. आत्मकथनाचे लेखन याच वर्षाच्या शरद ऋतूत झाले. उपोषण आधी आणि पुस्तक नंतर, हा जीवनातील क्रमही वरील प्रतिपादनाला पुष्टी देतो. या उपोषणाची कथा त्यांनी २०१६ मध्ये ‘हरिकेन स्ट्रीट’ या पुस्तकात सांगितली. चाळीसहून अधिक वर्षांनी पुन्हा त्याच काळाकडे वळावे लागणे, यातच ‘बरे होणे’ या शब्दाची मर्यादा स्पष्ट होते.

२००३ मध्ये सुरू झालेल्या इराक युद्धाला त्यांनी विरोध केला. २००७ मध्ये वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाच्या निवासी इमारतीतील बुरशी, उंदीर आणि जखमी सैनिकांची हेळसांड वृत्तपत्रांनी उजेडात आणली, तेव्हा ब्राँक्सच्या वर्णनाचे स्मरण होणे अपरिहार्य होते.

निष्कर्ष

१) ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ची कालरचना आघाताच्या स्वरूपाशी सुसंगत आहे. जखमेपासून निघून जखमेकडे परतणारे हे कथन सरळ प्रगतीची कल्पना नाकारते.

२) ‘मी’ आणि ‘तो’ यांतील आलटापालट ही शैलीची हौस नसून समाजाने लादलेले आणि अपराधभावाने निर्माण केलेले असे दुहेरी परात्मपण तीतून व्यक्त होते.

३) या पुस्तकात सामाजिक लढा हा उपचारानंतरचा टप्पा नाही. लढ्यामुळे श्रोते मिळतात आणि श्रोते मिळाल्यामुळे सर्वांत अवघड कबुली शक्य होते.

४) चित्रपट रूपांतराने सरळ कालक्रम आणि कल्पित क्षमायाचना यांच्या साहाय्याने कथेला दिलेली पूर्णता मूळ पुस्तकाच्या नैतिक भूमिकेशी जुळत नाही.

५) व्हिएतनामी माणसांचे निनावीपण ही पुस्तकाची गंभीर उणीव असली, तरी त्यांच्या मृत्यूची जबाबदारी स्वतःच्या नावाने स्वीकारणारे कथन म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

माजी सैनिकाचा सन्मान करणे कोणत्याही समाजाला सोपे जाते, कारण सन्मानाच्या सोहळ्यात भाषण इतरांनी करायचे असते. मॅसापिक्वाच्या त्या मिरवणुकीत हेच घडले. कोविक यांच्या आत्मकथनाची मागणी याहून वेगळी आणि अधिक कठीण आहे. पदक देणाऱ्यांनी कबुलीही ऐकून घ्यावी, एवढीच ती मागणी आहे.